रिकाम्या वेळेतील स्वयंचलित बॅकअप

संगणक चालू आहे, पण त्यावर कोणी काम करत नाही, अशा वेळी फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा दूरच्या सर्व्हरवर आपोआप काढून ठेवण्याची पद्धत. बॅकअप घ्यायला हवा हे बहुतेकांना ठाऊक असते. हातातले काम बाजूला ठेवून घ्यावा लागतो, म्हणून तो राहून जातो. कामाच्या भरात तो आपोआप सुरू झाला, तर संगणक मंदावतो आणि वैतागलेला माणूस ती सोयच बंद करून टाकतो. या दोन्ही अडचणींवरचा हा तोडगा आहे.

ठरलेल्या वेळी काम सुरू करणारा, युनिक्स या कार्यप्रणालीवरचा 'क्रॉन' हा प्रोग्राम १९७० च्या दशकातला. पण पहाटे दोनची वेळ लावली आणि तेव्हा संगणकच बंद असला, तर त्या दिवशीचा बॅकअप बुडतो. असे राहिलेले काम संगणक पुन्हा चालू झाल्यावर उरकणारा 'अ‍ॅनाक्रॉन' नंतर आला. घड्याळाऐवजी वापराकडे पाहणे ही आणखी वेगळी रीत. कीबोर्ड आणि माउस किती वेळ शांत आहेत, प्रोसेसर आणि डिस्कवर किती भार आहे, हे तपासून संगणक रिकामा आहे की नाही ते ठरवले जाते. नुसता कीबोर्ड पाहून भागत नाही, कारण माणूस उठून गेला तरी मागे एखादा मोठा व्हिडिओ तयार होत असू शकतो. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये 'संगणक रिकामा असेल तरच' अशी अट घालता येते आणि वापरणारा परतताच काम थांबवण्याचीही. लिनक्स या कार्यप्रणालीवरचा 'आयओनाइस' हा प्रोग्राम वेळ शोधतच नाही; तो बॅकअपला रांगेत सर्वांत मागे उभा करतो. दुसरे कोणी डिस्क मागत नसेल तेव्हाच त्याची पाळी येते. डिस्ककडे आलेल्या मागण्यांची रांग लावणारा शेड्युलर हा क्रम पाळणारा असेल, तर हाच मार्ग अधिक चांगला, कारण त्यात काही सेकंदांची फटही वाया जात नाही.

रिकामा वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो, म्हणून काम थोडके आणि मध्येच थांबवता येण्याजोगे असावे लागते. १९९६ साली आलेला, फायलींच्या प्रती काढणारा 'आरसिंक' हा प्रोग्राम बदललेल्या फाइलमधला फक्त बदललेला भाग पाठवतो. प्रत घेतानाच बदलू शकणाऱ्या उघड्या फायलींसाठी विंडोज एक्सपीपासून 'शॅडो कॉपी'ची सोय आहे: डिस्कची त्या क्षणीची स्थिती गोठवून तिची प्रत घेतली जाते.

लॅपटॉपवर मात्र हा हिशेब चुकतो. झाकण मिटले की तो रिकामा राहत नाही, झोपतो, आणि झोपलेले यंत्र सहसा बॅकअप घेत नाही. अ‍ॅपलने २०१२ साली 'पॉवर नॅप' आणले, ते काही मॅक झोपेतही, चार्जरला जोडलेले असताना, 'टाइम मशीन' या मॅकवरच्या बॅकअप-सोयीचा बॅकअप घेऊ शकावेत म्हणून. आयफोनचा आयक्लाउड बॅकअपही फोन चार्जिंगला, लॉक केलेला आणि वाय-फायवर असला की होतो. म्हणजे बहुधा रात्री.

या पद्धतीचा मोठा धोका तिच्या शांतपणातच आहे. बॅकअप दिसत नाही, तसा तो बंद पडलेलाही दिसत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला. रोजचा स्वयंचलित बॅकअप शोधला, तर तो होतच नव्हता: बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती आणि बिघाड कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. कामी आली ती सुमारे सहा तास आधी एका अभियंत्याने वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेली प्रत. म्हणून अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून प्रत्यक्ष परत काढून, उघडून पाहावी. 'बॅकअप यशस्वी' हा संदेश त्याची जागा घेऊ शकत नाही.

आपोआप चालण्यासाठी बॅकअपची डिस्क सतत जोडलेली ठेवावी लागते आणि खंडणीखोर रॅन्समवेअर आले, की मूळ फायलींबरोबर तीही कुलूपबंद होऊ शकते. यासाठी आणखी एक प्रत संगणकापासून सुटी ठेवतात. ती अद्ययावत करायला डिस्क कोणीतरी हाताने जोडावी लागते.