वळणावर गाडीला बाहेर कोण ढकलतं? कुणीच नाही

घाटात एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडे कलंडतो. यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘अपकेंद्री बल बाहेर फेकतं.’ रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर असं ढकलणारं काहीच दिसत नाही. आपलं शरीर न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे सरळ जायला बघतं आणि बस खालून वळते, एवढंच. अपकेंद्री बल हे वळणाऱ्या बसमध्ये बसून हिशेब मांडताना धरायचं आभासी बल. गोफणीतून सुटलेला दगडसुद्धा केंद्रापासून थेट बाहेर न जाता स्पर्शिकेच्या दिशेने, म्हणजे सुटण्याच्या क्षणी ज्या दिशेला जात होता तिकडेच सरळ जातो.

खरं बल आतल्या बाजूला असतं. सपाट रस्त्यावर ते टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण पुरवतं. वेग दुप्पट केला तर ते चौपट लागतं, आणि इथेच गाड्या घसरतात. ५० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. घर्षणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड सांगणारा आकडा, ०.७ असेल तर मर्यादा ताशी सुमारे ६७ किलोमीटर. पावसात तो ०.४ वर आला की जेमतेम ५०.

‘गाडी भरलेली असली की रस्ता धरून राहते’ हेही असंच ऐकीव. वजन वाढलं की घर्षण वाढतं, पण वळायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. वेगमर्यादेच्या सूत्रातून वस्तुमान उडूनच जातं. उलट टपावर सामान रचलं तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि गाडी घसरण्याआधीच उलटू शकते.