बोटांना विचारावे लागू नये म्हणून : कीबोर्डवर चालणाऱ्या एडिटरची जुळणी

स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि ॲलन न्यूएल या तीन संशोधकांनी १९८० साली संगणकावरच्या कामाचे बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला सरासरी वेळ नेमून दिला. टंकनाचा हात बसलेल्या माणसाला एक कळ दाबायला ०.२ सेकंद. माउसचा बाण हव्या त्या जागी न्यायला १.१ सेकंद. हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला किंवा परत आणायला ०.४ सेकंद. आणि ‘आता काय करायचे’ हे मनात जुळवायला १.३५ सेकंद. या पद्धतीला कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल म्हणतात. आकडे सरासरीचे आहेत, न चुकता काम करणाऱ्या सरावलेल्या माणसाचे आहेत. तरीही विम किंवा ईमॅक्ससारखा एडिटर, म्हणजे कोड लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम, कशासाठी शिकायचा आणि तो कसा जुळवायचा, म्हणजे त्याच्या कळा आणि सेटिंग आपल्या हाताला कशा बसवायच्या, हे समजायला त्यांच्याइतके चांगले साधन मला दुसरे दिसत नाही.

एक साधे काम घेऊ. पडद्यावर दूर कुठेतरी असलेला एक शब्द पुसायचा आहे. माउसने : हात माउसकडे ०.४, बाण शब्दावर १.१, दोन क्लिक ०.४, हात परत ०.४, पुसायची कळ ०.२. एकूण २.५ सेकंद. विममध्ये : शोधाची तिरकी रेघ, शब्दाची पहिली तीन अक्षरे, एंटर, म्हणजे पाच कळा, मग डी, आय, डब्ल्यू या तीन कळा दाबल्या की शब्द गेला. आठ कळांचे १.६ सेकंद. कीबोर्ड जिंकला. पण मध्येच ‘शब्द पुसायला काय दाबायचे बरे?’ असा प्रश्न पडला, तर त्यात १.३५ मिळवा. झाले २.९५. आता माउस जिंकला.

या बेरजेत सगळे आले. कळा वाचवून फारसे काही हाती लागत नाही. एका विचाराच्या किमतीत जवळजवळ सात कळा दाबून होतात. म्हणून एडिटर जुळवताना कोणत्याही बदलाला एकच प्रश्न विचारावा : यामुळे माझा थांबून विचार करणे कमी होते का? तीन कळांची आज्ञा दोन कळांवर आणणारा, पण दर वेळी आठवावा लागणारा शॉर्टकट तोट्याचाच असतो.

विमची घडण अशी का आहे, हे त्याच्या जन्मकाळात दडलेले आहे. त्याचा पूर्वज व्हीआय हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कली इथे लिहायला घेतला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कुलुरिस यांच्या ‘एम’ या एडिटरवरून त्यांना दिशा मिळाली होती. जॉय यांच्यापुढे होता दूरच्या संगणकाशी फोनच्या तारेवरून जोडणारा ३०० बॉडचा मोडेम, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरे. चोवीस ओळी आणि ऐंशी स्तंभांचा पडदा पूर्ण रंगवायचा तर १,९२० अक्षरे, म्हणजे एक मिनिटाहून जास्त वेळ. अशा परिस्थितीत कमीत कमी अक्षरांत जास्तीत जास्त सांगणारी भाषा हवी होती. त्यांचे टर्मिनल, म्हणजे संगणकाला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड, लिअर सीगलर कंपनीचे एडीएम-३ए. त्यावर दिशा दाखवणारे बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते आणि एस्केपची कळ आज जिथे टॅब असते तिथे, करंगळीशेजारी होती. ते टर्मिनल गेले, एस्केप कोपऱ्यात हलली, आज्ञा मात्र तशाच राहिल्या. म्हणूनच कॅप्स लॉकच्या जागी एस्केप किंवा कंट्रोल आणणे ही जुळणीची पहिली पायरी समजावी. कॅप्स लॉक सगळ्यात सोयीच्या जागी बसलेली आणि सगळ्यात कमी लागणारी कळ आहे. हा बदल एडिटरमध्ये न करता ऑपरेटिंग सिस्टिममध्ये करावा, म्हणजे तो सगळीकडे लागू होतो आणि हाताला दोन सवयी लावाव्या लागत नाहीत.

विमची मोठी कल्पना म्हणजे मोड. इन्सर्ट मोडमध्ये डी दाबले की ‘डी’ उमटतो. नॉर्मल मोडमध्ये तीच कळ ‘पूस’ अशी आज्ञा होते. कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी एक, लॅरी टेसलर, हे मोडचे कट्टर विरोधक होते. आपण कोणत्या मोडमध्ये आहोत हे विसरले की चूक होणारच, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे. मग प्रोग्रामरसाठी मोड का चालतात? कारण कोड लिहिताना नवी अक्षरे टाइप करण्यासोबतच वाचणे, उड्या मारणे, इथले तिथे हलवणे, अर्धी ओळ बदलणे हेही सतत चालू असते. त्या कामाला अख्खा कीबोर्ड मोकळा मिळतो. टेसलर यांचा आक्षेप मात्र जुळणीत उतरवला पाहिजे : मोड बदलला की कर्सरचा आकार बदलला पाहिजे, नॉर्मलमध्ये भरीव चौकट आणि इन्सर्टमध्ये बारीक उभी रेघ. निओव्हिम या विमच्या नव्या अवतारात हे आपोआप होते. टर्मिनलमधल्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या, विममध्ये सांगून ठेवावे लागते. नजर कर्सरवरच असते, त्यामुळे खालच्या पट्टीत मोडचे नाव वाचायची वेळ येत नाही.

मोडच्या आत जे आहे ते खरे देखणे. डी म्हणजे पूस, सी म्हणजे बदल, वाय म्हणजे नक्कल घे. ही क्रियापदे. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत, आय आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणातला मजकूर, आय आणि कंस म्हणजे कंसातला, आय-पी म्हणजे परिच्छेद. ही कर्मे. सी-आय-कंस : कंसात जे आहे ते बदल. पाच क्रियापदे आणि दहा कर्मे शिकलात तर पाठ केल्या पंधरा गोष्टी, हाती आल्या पन्नास आज्ञा. पाठांतर बेरजेने वाढते, ताकद गुणाकाराने. नवे क्रियापद आले की ते जुन्या सगळ्या कर्मांना लागू होते, वेगळे आठवावे लागत नाही. तो १.३५ सेकंदांचा विचार गळून पडतो तो यामुळे. त्यात टिंबाची कळ शेवटचा बदल पुन्हा करते. एखाद्या नावावर तारका दाबा (ती तेच नाव शोधते), मग सी-जी-एन (सापडलेले नाव बदल), नवे नाव, एस्केप. त्यानंतर दर टिंबाला पुढचे तेच नाव बदलत जाते.

हेच गणित २०१६ साली दुसऱ्या ठिकाणी कामी आले. तोवर प्रत्येक एडिटरला प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेसाठी वेगळी जोडणी लागायची. दहा एडिटर, वीस भाषा, दोनशे जोडण्या. मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल मांडला : भाषेची जाण असलेला एक स्वतंत्र प्रोग्राम, आणि एडिटरने त्याला ठरलेल्या पद्धतीने विचारायचे, ‘या नावाची व्याख्या कुठे आहे?’, ‘इथे चूक आहे का?’ दोनशेच्या जागी तीस. निओव्हिममध्ये २०२१ च्या ०.५ आवृत्तीपासून हा प्रोटोकॉल बोलणारा भाग आतच आहे. माझ्या मते जुळणीत मनापासून वेळ घालवावा तो इथे. व्याख्येवर उडी, सगळे वापर दाखवणे, सगळीकडे नाव बदलणे आणि पुढच्या चुकीवर जाणे या चार गोष्टी बोटांत बसल्या की बाकी प्लगइन, म्हणजे एडिटरला वरून जोडायचे भाग, थांबू शकतात. सोबत कोड वाचणारे ट्री-सिटर हे साधन असेल तर ‘फंक्शन’, म्हणजे कोडचा एक नाव दिलेला तुकडा, हेही कर्म होते : फंक्शन पूस, फंक्शनची नक्कल घे. ट्री-सिटर कोडची रचना झाडासारखी मांडून ठेवतो, टाइप करताना फक्त बदललेला भाग पुन्हा तपासतो आणि कोड अर्धवट असला तरी अडून बसत नाही.

ईमॅक्सची वाट निराळी आहे. १९७६ साली एमआयटीमध्ये जन्मलेल्या आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी पुढे जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात नव्याने लिहिलेल्या या एडिटरमध्ये मोड बदलण्याऐवजी कंट्रोल किंवा मेटा (आजच्या कीबोर्डवर बहुधा ऑल्ट) धरून कळा दाबतात. दर कळेमागे लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतले एक फंक्शन असते आणि ते चालू एडिटरमध्येच बदलता येते. त्या बाबतीत त्याला तोड नाही. कंट्रोलचा भार मात्र करंगळीवर येतो, त्यामुळे कॅप्स लॉकचा बदल तिथे आणखी गरजेचा.

आता वाट पाहण्याचा विषय. विमला दोन अक्षरी शॉर्टकट दिला, समजा इन्सर्ट मोडमध्ये जे-के म्हणजे एस्केप, तर जे दाबल्यावर एडिटर थांबतो : आता के येणार की हा साधाच जे? ही वाट पाहण्याची मुदत मुळात १,००० मिलिसेकंद असते. एस्केपचेही तसेच. टर्मिनलमध्ये बाणाच्या कळा जो संकेत पाठवतात त्याची सुरुवात एस्केपनेच होते, म्हणून नुसती एस्केप दाबली तरी मागून आणखी काही येते का, हे पाहत प्रोग्राम क्षणभर रेंगाळू शकतो. त्यासाठी ‘टीटाइमआउटलेन’ ही वेगळी मुदत आहे. निओव्हिममध्ये ती मुळातच ५० मिलिसेकंद आहे. एस्केप दाबल्यावर एडिटर अडखळतो असे वाटले तर दोष संगणकाला देण्याआधी ही सेटिंग पाहावी.

बाकी मोजक्या ओळी पुरतात. शोधाला ‘इग्नोअरकेस’ आणि ‘स्मार्टकेस’ जोडीने : लहान अक्षरांत शोधले तर सगळे सापडते, मोठे अक्षर टाकले तर नेमके तेच. ‘अनडूफाइल’ने फाइल बंद करून उघडली तरी जुने बदल मागे घेता येतात, ही सोय नसेल तर आजच घाला. कर्सरपासून ओळ किती अंतरावर आहे हे दाखवणारे ‘रिलेटिव्हनंबर’ अनेकांना आवडते, मला ते कमी पटते. आकडा वाचा, टाइप करा, मग दिशा, म्हणजे पुन्हा विचार आला. नजर ज्या शब्दावर आहे तोच शब्द शोधणे सोपे पडते, कारण तो आधीच मनात असतो.

स्वतःचे शॉर्टकट लीडर या कळेमागे ठेवावेत, म्हणजे आधी ती कळ दाबायची आणि मग शॉर्टकट. मुळात ती उलटी तिरकी रेघ असते, पण स्पेस बरी : नॉर्मल मोडमध्ये स्पेस कर्सरला एक घर पुढे नेण्यापलीकडे काही करत नाही आणि ती दोन्ही अंगठ्यांखाली असते. विमच्या मूळ आज्ञांवर शक्यतो हात टाकू नये. दुसऱ्या यंत्रावर बसलात की तिथे फक्त त्याच मिळणार आहेत. आणि शॉर्टकट लिहिताना ‘मॅप’ऐवजी ‘नोरीमॅप’. अपूर्णविराम आणि अर्धविराम यांची अदलाबदल ‘मॅप’ने केली तर एक दुसऱ्याला आणि दुसरा पहिल्याला बोलावत राहतो आणि शेवटी विम चूक दाखवून थांबतो. ‘नोरीमॅप’ कळेचा मूळ अर्थच घेतो.

दुसऱ्याची शेकडो ओळींची जुळणी उचलून आणणे हा मला सगळ्यात महागडा मार्ग वाटतो. त्यातले शॉर्टकट त्या माणसाच्या अडचणींतून जन्मलेले असतात, तुमच्या बोटांना ते परके. त्याऐवजी विमसोबत येणारा ‘विमट्यूटर’ पूर्ण करावा, मग काम करताना जिथे अडखळलात तिथे एक ओळ घालावी आणि ती का घातली हे शेजारी लिहावे. फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवली की कोणता बदल कधी आला हे दिसते. एडिटर उघडायला वेळ लागू लागला तर ‘स्टार्टअपटाइम’ हा पर्याय देऊन तो चालवावा. कोणत्या फाइलने किती मिलिसेकंद घेतले याची नोंद मिळते, आणि जड प्लगइन गरज पडेल तेव्हाच उघडायला सांगता येते. एखादी कळ अचानक भलतेच करू लागली तर ‘व्हर्बोज मॅप’ लिहून त्या कळेचे नाव द्यावे. तो शॉर्टकट शेवटी कोणत्या फाइलने ठरवला हे विम तिथेच दाखवतो, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार गेल्या आठवड्यात घातलेले प्लगइन असते.