गियासुद्दीन तहमतनशाह बहमनी

(कार. २० एप्रिल–१४ जून १३९७). बहमनी घराण्याचा सहावा सुलतान. राजधानी गुलबर्गा (आजचे कलबुर्गी). वडील दुसरा मुहम्मदशाह यांची १९ वर्षांची कारकीर्द बरीचशी शांततेत गेली. त्यांच्यानंतर १७ वर्षांचा गियासुद्दीन विनाअडथळा गादीवर आला. पण सैफुद्दीन घोरी हा शंभरी गाठलेला वजीर त्याच सुमारास वारला आणि दरबारातली सर्वांत वजनदार जागा मोकळी झाली.

तघलचीन या तुर्की गुलामाची नजर त्या जागेवर होती. खानदानी उमरावांच्या डोक्यावर गुलाम बसवायला सुलतान राजी नव्हता आणि तसे बोलूनही दाखवत असे. सुलतान तघलचीनच्या गानकुशल मुलीवर लुब्ध होता, म्हणून तघलचीनने मेजवानीचा बेत केला. मद्य अंगात भिनल्यावर मुलगी पेश करायच्या मिषाने हुजरे बाहेर काढले गेले आणि तघलचीनने खंजिराने सुलतानाचे डोळे काढले. मग सुलतानाचे बोलावणे सांगून एकेक सरदार आत नेला. २४ जण कापले गेले. हे वर्णन इतिहासकार फिरिश्ताचे, म्हणजे सुमारे दोनशे वर्षांनंतरचे आहे. त्यातली मुलगी वगळली तरी भांडणाचे मूळ, वजिरी, तसेच राहते.

आंधळा माणूस तख्ताला अपात्र ठरे, त्यामुळे जीव घेण्याची गरज नव्हती. गियासुद्दीनला सगरच्या किल्ल्यात (जि. यादगीर) टाकून त्याचा धाकटा सावत्र भाऊ शम्सुद्दीन गादीवर बसवला गेला, कारभार तघलचीनच्या हाती आला.

तघलचीनचा हिशेब चुकला तो दुसऱ्या मुहम्मदशाहच्या जावयांपाशी. गियासुद्दीनच्या बहिणी फिरोज आणि अहमद या बहमनी राजपुत्रांना दिल्या होत्या. दोघे सगरला निसटले, फौज जमवून चालून आले आणि हरले. मग माफी मागून गुलबर्ग्यात परतले आणि १६ नोव्हेंबर १३९७ रोजी भर दरबारात शम्सुद्दीन व तघलचीन यांना धरले. फिरोजशाह गादीवर बसला. गियासुद्दीनला सगरहून आणवून हाती तलवार दिली गेली. समोर बसवलेल्या तघलचीनला त्याने स्वतः ठार केले.

पुढे तो मक्केला गेला आणि तिथेच राहिला, असे फिरिश्ता सांगतो. गुलबर्ग्याच्या हफ्त गुंबद या बहमनी मकबऱ्यांच्या समूहात मात्र एक मकबरा त्याच्या नावाने दाखवतात. मक्केची हकिकत खरी धरली, तर तो त्याच्या कुटुंबीयांचा मानणे सयुक्तिक ठरते.