शिमी

मोटारगाडीची पुढची चाके ठरावीक वेगाच्या आसपास किंगपिनभोवती (ज्या खुंटीवर चाक वळते तिच्याभोवती) डावी-उजवीकडे जोराने थरथरू लागतात, त्या दोषाला शिमी म्हणतात. गॅरेजमध्ये त्याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. जुन्या जीप आणि ट्रक यांसारख्या, पुढे अखंड आस (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) आणि कमानपाटे (वाकलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेल्या गाड्यांत तो विशेष आढळतो.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या, खांदे थरथरवण्याच्या नृत्यावरून हे नाव आले, असे सामान्यतः मानतात. नृत्याचे नाव ‘शमीझ’ या सैल अंतर्वस्त्राच्या फ्रेंच नावाचा अपभ्रंश असावे. इतर व्युत्पत्त्याही सुचविल्या गेल्या आहेत, पण ही अधिक पटते. झॉर्झ ब्रुलिये यांच्या १९२५ मधील फ्रेंच निबंधाच्या शीर्षकातच ‘शिमी’ आहे. त्याअर्थी तोवर हा शब्द मोटारक्षेत्रात रुळला असावा.

कारणाविषयी दोन मते दिसतात. पहिले गायरोस्कोपी परिणामाचे : अखंड आसाचे एक चाक उचलले की फिरत्या चाकाचा अक्ष कलतो आणि चाक आपोआप किंगपिनभोवती वळते, वळताना आसाला पुन्हा हेलकावा बसतो. १९२० नंतरच्या दशकात कमी दाबाचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तसा हा त्रास वाढला. जनरल मोटर्सने १९३४ मध्ये स्वतंत्र सस्पेन्शन (पुढचे प्रत्येक चाक वेगळे हलू देणारी रचना) आणले. तेथील अभियंते मॉरिस ओली यांच्या त्या कामामागे शिमी टाळणे हेही एक कारण होते. दुसरे मत टायरला मूळ मानते. जमिनीला टेकलेला टायर बाजूला ताणला जातो, त्याचा ताण चाकाच्या वळणामागे किंचित रेंगाळतो आणि गाडीच्या पुढे जाण्यातूनच थरथरीला ऊर्जा मिळते. फोन श्लिप्पे व डीट्रिख या संशोधकांनी १९४१ मध्ये टायरला ताणलेल्या दोरीची उपमा देऊन याचे गणित मांडले. पुढे हान्स पासेज्का यांचा १९६६ चा डेल्फ्ट येथील प्रबंध याच विषयावर होता. विमानाच्या एकट्या नाकचाकालाही शिमी होते, तिथे जोडीचे चाक नाही की अखंड आस नाही. म्हणून टायरचे मत अधिक मूलगामी वाटते. अखंड आसाच्या गाडीत ती इतकी उग्र का होते, हे मात्र पहिल्या मतानेच नीट उलगडते.

निदानात पहिला प्रश्न असा : थरथर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली आहे का? सुमारे १.९ मी. परिघाचे चाक ताशी ८० किमी. वेगाने सेकंदाला जवळजवळ १२ फेरे घेते. बॅलन्सिंग (चाकाभोवतीच्या वजनाचा समतोल) बिघडलेले असेल तर स्टिअरिंग त्याच लयीत थरथरते आणि वेग बदलताच शमते. शिमी खड्ड्याच्या एका धक्क्याने सुरू होते आणि जिथे सुरू झाली त्याहून बराच कमी वेग होईपर्यंत थांबत नाही. हा फरक न पाहता नुसती बॅलन्सिंगची शिशाची वजने बदलत राहणे व्यर्थ होय.

पुढची तपासणी हातांची. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. खेळ नाहीसा झाला तर व्हील बेअरिंग ढिले, राहिला तर किंगपिन किंवा बुश (त्याभोवतीची नळी) झिजलेले. मग चाके जमिनीवर ठेवून टायरॉड एंडवर (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या टोकावरील जोडावर) बोटे ठेवावीत व कोणाकडून तरी स्टिअरिंग थोडे थोडे फिरवून घ्यावे. जोडातला विलंब डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो.

आवाजांपैकी सलग घूं-घूं वळणावर वाढली तर बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचे बेअरिंग, बारीक खड्ड्यांवरची खडखड बुशांची. थरथर फक्त ब्रेक दाबतानाच असेल तर ड्रम किंवा डिस्क पाहावी.

सांधे घट्ट असूनही शिमी राहिली तर कॅस्टर कोन (बाजूने पाहता किंगपिनचा कल) तपासतात. तो जास्त असेल तर आस आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून कमी करतात. स्टिअरिंग डँपर (हेलकावे शोषणारे नळकांडे) बसवून थरथर दबते, पण झिजलेला किंगपिन तसाच झिजत राहतो.