आरोपीने खून कबूल केला, पण कारण कळलं नाही: नागपुरात कोणते कागद मिळतात आणि अर्ज कसा करायचा

आरोप निश्चितीच्या दिवशी सत्र न्यायाधीश आरोपीला आरोप वाचून, समजावून सांगतात आणि विचारतात: गुन्हा कबूल आहे, की खटला चालवायचा? कायद्याने ठरवून दिलेला प्रश्न एवढाच. "का मारलंस?" हे त्यात येत नाही. त्यामुळे "कबूल आहे" या दोन शब्दांनी कुटुंबाला हवं ते उत्तर मिळत नाही.

कायद्याला खुनासाठी उद्देश लागतो, हेतू (मारण्यामागचं कारण) लागत नाही. मानेवर चाकूचे तीन खोल वार असतील, तर जीव घ्यायचा उद्देश मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांच्या शवविच्छेदन अहवालातूनच दिसतो. वार जमिनीसाठी झाले की संशयापायी, हा हेतूचा भाग. साक्ष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे हेतू पुराव्यात आणता येतो, पण तो सिद्ध झाला नाही म्हणून खून शाबीत व्हायचा थांबत नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसेल आणि सगळं परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल, तेव्हा मात्र हेतूला वजन येतं.

पेपरात "जुन्या वादातून खून" असं छापून येतं, ते बहुतेकदा पोलिसांनी सांगितलेलं असतं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब साक्ष अधिनियमाच्याच कलम २३ प्रमाणे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. म्हणून बातमीतलं कारण निकालपत्रात सापडलं नाही, तर कोणी ते दडवलं असं लगेच समजू नये.

आता एक महत्त्वाचा फरक. २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आयडाहो विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांचा खून झाला. आरोपीने जुलै २०२५ मध्ये फाशी टळावी म्हणून तडजोडीत गुन्हा कबूल केला, आणि शिक्षेच्या दिवशी बोलायला नकार दिला. खटलाच चालला नाही, हेतू अज्ञात राहिला. आपल्याकडे अशी तडजोड खुनात चालत नाही. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ती तरतूद लागू नाही, आणि न्याय संहितेच्या कलम १०३(१) मध्ये शिक्षा दोनच: फाशी किंवा जन्मठेप, वर दंड. कबुलीने सूट मिळत नाही. शिवाय फौजदारी खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५२ प्रमाणे कबुलीवर दोषी ठरवणं न्यायाधीशांच्या मर्जीवर आहे, बंधनकारक नाही. खुनात न्यायालयं सहसा पुरावा घेतातच. कसाबने २० जुलै २००९ ला भर कोर्टात कबुली दिली, तरी ती नोंदवून घेऊन खटला पुढे चालला. निकाल लागला मे २०१० मध्ये.

खटला चालला तरी हेतू उघड होईलच असं नाही. पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीला विचारतात, त्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ च्या जबाबात आरोपीला शपथ नसते, उत्तर न दिल्याबद्दल शिक्षा नसते, आणि स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही असं सांगणारं संविधानाचं कलम २०(३) त्याच्या पाठीशी आहे.

अर्ज कोण करू शकतो

मृताचे पालक किंवा कायदेशीर वारस "पीडित" या व्याख्येत येतात. निकालाने बाधित व्यक्तीला याच संहितेच्या कलम ४०४(५) खाली निकालपत्र, साक्षी आणि रेकॉर्डच्या इतर भागाची नक्कल शुल्क भरून मिळते. ज्याचा संबंध नाही त्याला कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

काय मागायचं

लोक फक्त निकालपत्र मागतात आणि इथेच फसतात. कबुलीवरचा निकाल चार-पाच पानांत आटोपू शकतो. खरी माहिती दोषारोपपत्रात (चार्जशीटमध्ये) असते: साक्षीदारांचे जबाब, मोबाईलचे कॉल तपशील, पंचनामे, आणि "थोडक्यात हकीकत" हा रकाना. तपास अधिकाऱ्याला हेतूबद्दल काय वाटलं ते तिथेच लिहिलेलं सापडतं. ते सिद्ध झालेलं नसतं, हे लक्षात ठेवूनच वाचावं. सोबत आरोप, आरोपीची कबुली आणि त्या तारखांचा रोजनामा (कोर्टात त्या दिवशी काय झालं याची नोंद) मागा. मॅजिस्ट्रेटसमोर कलम १८३ खाली कबुलीजबाब झाला असेल तर तोही.

अर्जातला मुख्य मजकूर असा पुरतो: "सत्र खटला क्र. ___/२०__, महाराष्ट्र शासन वि. ___ यातील मयत हे माझे वडील असून मी त्यांचा कायदेशीर वारस आहे. निकालपत्र, आरोप व त्यावरील आरोपीचा जबाब, रोजनामा आणि दोषारोपपत्र सर्व जोडपत्रांसह यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात."

सोबत ओळखपत्र, मृत्यू दाखला, नातं दाखवणारा कागद (रेशन कार्ड, जन्म दाखला), एफआयआरची प्रत आणि कोर्ट फीचं तिकीट. वकील असेल तर वकीलपत्र. अर्ज सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा व सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात द्यायचा. पानांप्रमाणे पैसे लागतात. पोच आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

अर्ज कुठे अडकतो

सगळ्यात जास्त क्रमांकावर. पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक वेगळा, मॅजिस्ट्रेट कोर्टातला वेगळा, आणि खटला सत्र न्यायालयाकडे सुपूर्द झाला की तिसराच पडतो. नक्कल विभागाला तिसरा हवा असतो. तो माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचं नाव किंवा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून शोधा. दुसरी अडचण अपिलाची. रेकॉर्ड उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं असेल तर खालच्या कोर्टात नक्कल निघत नाही, अर्ज तिकडे करावा लागतो.

न्यायालयीन कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करण्यात वेळ घालवू नका. नक्कल न्यायालयाच्या नियमांनीच घ्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. दोषारोपपत्रं सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकण्याची मागणीही जानेवारी २०२३ मध्ये फेटाळली गेली.

आरोप निश्चिती अजून व्हायची असेल तर

हीच कामाची वेळ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८(८) खाली सरकारी पक्षाला मदत करण्यासाठी स्वतःचा वकील लावायची परवानगी मागता येते. पीडिताचा वकील असेल तर मॅजिस्ट्रेटकडूनच दोषारोपपत्राची प्रत कलम २३० प्रमाणे मोफत मिळते. आरोपी कबुली देणार अशी कुणकुण लागली, तर सरकारी वकिलांना लेखी द्या की कबुली आली तरी पुरावा नोंदवण्याची विनंती न्यायालयाला करावी. तोंडी सांगितलेलं तारखेच्या गर्दीत विरून जातं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अर्जदार महिला असेल तर तिथे उत्पन्नाची अट नाही.

वरची गुन्ह्याची आणि खटल्याची कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांची आहेत. त्यापूर्वीच्या घटनेत गुन्ह्याचं कलम भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३०२ राहतं. खटला त्याआधीच सुरू असेल तर जुन्या फौजदारी संहितेतली कलमं लिहा: कबुलीसाठी २२९, नकलेसाठी ३६३.