फ्रान्समधल्या जुन्या रणभूमीवर मेटल डिटेक्टर: परवानगी कोणाला, कागद कोणते

सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत अजून इंग्रजी अक्षरांतली संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके परत आले नाहीत. ती पाटी बघत वाढलेला कुणी युरोपात नोकरीला गेला की त्याच्या मनात येतंच, की एखाद्या शनिवारी उत्तर फ्रान्समध्ये जावं, मेटल डिटेक्टर फिरवावा आणि पणजोबांच्या पलटणीचा एखादा बिल्ला हाती लागतो का बघावं.

हौस म्हणून हे चालत नाही. फ्रान्समध्ये परवानगी मिळते, पण ती संशोधनाला. अर्जाच्या मागे लागण्याआधी हे पक्कं समजून घ्या.

त्याआधी पलटण तपासा. मराठा पलटणींतल्या १०३, ११० आणि ११७ या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. पणजोबा त्यांत असतील तर फ्रान्सच्या शेतात त्यांचं काही असण्याचं कारण नाही. खडकीच्या सॅपर्सची, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाची, गोष्ट वेगळी. त्यांच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ४७ व्या शीख पलटणीबरोबर उत्तर फ्रान्समधल्या नव्ह-शापेल गावावर चालून गेल्या आणि त्यांची जबर हानी झाली. मार्च १९१५ ची मोठी लढाईही याच गावाभोवती झाली. पुढची सगळी माहिती त्या भागाला धरून आहे.

कायदा काय म्हणतो

डिसेंबर १९८९ च्या कायद्याने आलेली तरतूद आता फ्रान्सच्या वारसा संहितेत कलम ५४२-१ म्हणून आहे. इतिहास, प्रागितिहास, कला किंवा पुरातत्त्व यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या वस्तू शोधण्यासाठी धातुशोधक यंत्र वापरायचं असेल, तर आधी सरकारी परवानगी हवी. पहिल्या महायुद्धाची रणभूमी यात येते. जमीन स्वतःची असली तरी सुटका नाही. विनापरवाना यंत्र फिरवलं तर दंड १,५०० युरोपर्यंत. विनापरवाना खोदलं तर ७,५०० युरोपर्यंत. पुरातत्त्वीय वस्तूची चोरी किंवा नासधूस ठरली, तर सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख युरोपर्यंत दंड.

गंमत म्हणजे यंत्र दुकानात राजरोस विकत मिळतं. त्याच्या माहितीपत्रकावर या बंदीचा इशारा छापणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, पण माहितीपत्रक वाचतो कोण! शिवाय इंग्लंडमधले व्हिडिओ बघून अनेकांचा गैरसमज होतो. तिथे संरक्षित स्थळ नसलेल्या साध्या शेतात मालकाची परवानगी पुरते. समुद्राखालचा बोगदा ओलांडून फ्रान्सचं काले गाठलं की तो नियम मागे राहतो. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात तिसरीच तऱ्हा आहे: तिथे वारसा खात्याकडून व्यक्तीला शोधक म्हणून मान्यता घ्यावी लागते.

पात्रता आणि अर्ज

परवानगी देतो प्रदेशाचा प्रीफे. आपल्याकडचा विभागीय आयुक्त डोळ्यांसमोर आणा, साधारण तसा अधिकारी. नव्ह-शापेल पा-द-काले जिल्ह्यात, ओ-द-फ्रान्स प्रदेशात येतं. या प्रदेशाचं मुख्यालय लील शहरात आहे. अर्जाची छाननी सांस्कृतिक संचालनालयाचा पुरातत्त्व विभाग करतो. नागरिकत्व किंवा वय यापेक्षा अर्जदाराची पात्रता, शोधाचं स्वरूप आणि पद्धत यांवर निर्णय होतो. पुरातत्त्वाची पदवी, आधीच्या उत्खननांचा अनुभव, एखाद्या संशोधन संस्थेची साथ असं काही नसेल, तर एकट्यादुकट्याने अर्ज करण्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा परवानगी असलेल्या पथकात स्वयंसेवक म्हणून शिरा.

अर्जात काय द्यायचं हे नियमातच सांगितलंय. अर्जदाराची ओळख, त्याचं कौशल्य आणि अनुभव, शोधाची जागा, शास्त्रीय उद्देश आणि कालावधी. सगळं फ्रेंचमध्ये. ओळखीला पासपोर्ट, अनुभवाला पदव्या आणि आधीच्या कामांचे अहवाल.

जागेसाठी नुसतं गावाचं नाव लिहून भागत नाही. आपल्या गट नंबरासारखा तिकडे कॅडस्ट्रल क्रमांक असतो, तो आणि नकाशा जोडा. नकाशा सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतो, पण त्यावर मालकाचं नाव नसतं. त्यासाठी मेअरच्या कचेरीत विचारणा करावी लागते. जमीन दुसऱ्याची असेल तर मालकाची लेखी संमती लागतेच आणि शेत कसायला दिलेलं असेल तर कुळाचीही घ्यावी लागते. बांधावर उभं राहून मिळालेला तोंडी होकार अर्जाला जोडता येत नाही.

खरी मेख शास्त्रीय उद्देशाच्या रकान्यात आहे. ‘पणजोबांच्या आठवणी शोधणे’ असं लिहिलंत तर भावना पोचेल, परवानगी नाही. ‘२८ ऑक्टोबर १९१४ च्या हल्ल्यात सॅपर कंपन्या कोणत्या बाजूने पुढे सरकल्या, हे काडतुसं आणि गोळ्या कशा विखुरल्या आहेत त्यावरून नकाशावर मांडणे’ हा उद्देश झाला. त्यासोबत पद्धत सांगा: शेताचे चौकोन कसे पाडणार, प्रत्येक वस्तूची जागा कशी नोंदवणार, सापडलेल्या वस्तू कुठे ठेवणार, अहवाल कधी देणार.

लेखी आदेश हातात येईपर्यंत शेतात पाऊल टाकू नका. आदेश आला तरी तो अर्जात दिलेल्या जागेपुरता आणि मुदतीपुरता. शेजारचं शेत त्यात धरू नका. शिवाय यंत्र फिरवण्याची परवानगी आणि उत्खननाची परवानगी वेगळ्या आहेत. दुसरीसाठी कलम ५३१-१ खाली स्वतंत्र अर्ज लागतो.

सापडलेलं कोणाचं?

सापडणाऱ्याचं नाही, इतकं धरून चाला. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत गुप्तधन सापडणाऱ्याला अर्धा वाटा आहे खरा, पण ते निव्वळ योगायोगाने सापडलेलं असावं लागतं. यंत्र घेऊन शोधायला निघालेल्याला योगायोग म्हणता येत नाही. जुलै २०१६ च्या कायद्यानंतर ज्या जमिनी हस्तांतरित झाल्या, त्यांतल्या पुरातत्त्वीय वस्तू शासनाच्या मानल्या जातात. चालता चालता काही दिसलंच तर उचलू नका. फोटो काढा आणि त्या गावच्या मेअरला लगेच कळवा. मेअर ते प्रीफेकडे पाठवतो.

सामानात काडतूस किंवा गोळ्याचं कवच टाकून मुंबईच्या विमानात बसायचा विचारही करू नका. ते रिकामं आहे हे सुरक्षा तपासणीत पटवून देता देता विमान निघून जाईल.

न फुटलेले गोळे आणि माणसांचे अवशेष

या शेतांत दर नांगरणीला न फुटलेले तोफगोळे वर येतात. शेतकरी त्याला ‘लोखंडाचं पीक’ म्हणतात. काही गोळ्यांत विषारी वायू आहे, गंजलेल्या गोळ्यावरून तो ओळखता येत नाही. यंत्र वाजलं म्हणून कुदळ मारणाऱ्याला खाली काय आहे ते ठाऊक नसतं. असा गोळा दिसला तर हात न लावता मागे सरा, जागा लक्षात ठेवा आणि ११२ ला फोन करा. बॉम्बनाशक पथक येऊन नेतं.

हाडं दिसली तर त्याच क्षणी काम बंद आणि पोलिसांना फोन. ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकाचे अवशेष असतील तर पुढचं काम युद्धात पडलेल्यांच्या कबरी राखणारं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन बघतं. नव्ह-शापेलचं भारतीय स्मारक रिशबूर गावच्या हद्दीत आहे. त्याच गावात २०१६ मध्ये खोदकाम चालू असताना दोन भारतीय सैनिकांचे अवशेष निघाले. त्यांच्यासोबत खांद्यावरचं चिन्ह मिळालं, त्यावर ३९ हा आकडा. तेवढ्यावरून ते ३९ व्या गढवाल रायफल्सचे असल्याचं ठरलं आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये लाव्हांतीच्या युद्धस्मशानात त्यांना लष्करी सन्मानाने मूठमाती देण्यात आली. नावं कळली नाहीत, पण पलटण कळली. हे चिन्ह आधीच कुणा हौशी माणसाने यंत्राने काढून कपाटात ठेवलं असतं, तर पलटणही कळली नसती. तेव्हाच्या ब्रिटिश सैनिकांच्या ओळखचकत्या दाबलेल्या तंतूंच्या, मातीत कुजून जाणाऱ्या. म्हणून पितळेचा आकडा, नंबर कोरलेला चमचा असल्या वस्तूंवरच ओळख अडकलेली असते.

परवानगीविना काय करता येतं

नव्ह-शापेलचं स्मारक १९२७ मध्ये उभं राहिलं. ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं तिथे भिंतीवर कोरलेली आहेत. आत जायला अर्ज लागत नाही. जाण्याआधी कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही मिळतो. फक्त एकच स्पेलिंग धरून बसू नका. साहेबाच्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय. नावाने सापडलं नाही तर पलटण आणि वर्ष टाकून यादी काढा, आणि गावाचं नाव ओळखीचं वाटतंय का ते एकेक ओळ मोठ्याने वाचून बघा.