मोज्यावरच्या पट्ट्याला पायरी का पडते?

आडव्या पट्ट्यांचा, हाताने विणलेला लोकरीचा मोजा घ्या आणि एका पट्ट्याची कड धरून बोट गोल फिरवा. पूर्ण वळसा घातला की बोट निघाल्या जागी यायला हवं. ते येत नाही, एक ओळ वर पोचतं. लाल संपून पांढरा सुरू होतो त्या ठिकाणी पट्ट्याचं एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित उंच असतं, बारीक पायरी पडल्यासारखं. नवख्याला ही विणणाऱ्याची चूक वाटते. पण नळीच्या आकाराचं कापड एका धाग्याने गोल गोल विणलं आणि मध्येच रंग बदलला की ही पायरी पडणारच. ती लपवता येते, जागेवरून हलवता येते. विणकामाच्या भूमितीतून मात्र ती पुसता येत नाही.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी ५ अंशांच्या खाली उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि नाशिक शहरातही स्वेटर, कानटोप्या, मोजे कपाटातून बाहेर येतात. घरी विणलेलं मात्र त्यात फार थोडं असतं. म्हणून इंदिरानगरातल्या ओळखीच्या एका काकूंकडे हाताने फिरवायचं मोज्यांचं जुनं यंत्र पाहिलं, तेव्हा मी तिथेच रमलो. त्यांचे यजमान सातपूरच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवणाऱ्या विभागात होते. यंत्राचं बाहेरचं कडं उचलून त्यांनी आतली बाजू दाखवली आणि म्हणाले, "हा बघ कॅम. सुया म्हणजे फॉलोअर. एवढंच आहे सगळं." कॅम म्हणजे फिरता फिरता दुसऱ्या भागाला वर-खाली करणारा चढ-उतार, आणि फॉलोअर म्हणजे त्यावरून सरकणारा तो भाग. खरोखर एवढंच आहे, आणि त्या एवढ्यातून अख्खा मोजा निघतो.

यंत्राच्या मधोमध उभा सिलिंडर असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला उभे खाचे आणि प्रत्येक खाचेत एक सुई. घरगुती यंत्रांत ५४, ६०, ७२, ८० अशा सुयांचे सिलिंडर मिळतात. आपण ७२ धरू. प्रत्येक सुईला बाहेर आलेला एक ठोंब असतो. हँडल फिरवलं की सिलिंडर जागेवर राहतो आणि त्याच्याभोवतीचं कडं फिरतं. कड्याच्या आतल्या बाजूला इंग्रजी व्ही आकाराचा उतार-चढ आहे. ठोंब त्यावरून सरकतो आणि सुई आपल्या खाचेत वर-खाली होते. कड्याबरोबरच धागा देणारी वाटाडी फिरते. म्हणजे ७२ सुया एकदम हलत नाहीत. एक लाट सिलिंडरभोवती धावते आणि ती जिथे असते तेवढ्याच मूठभर सुया काम करतात.

सुईची करामत तिच्या टोकाला आहे. तिथे आकडी असते आणि आकडीखाली बिजागरीवर हलणारी छोटी जीभ, तिला लॅच म्हणतात. सुई वर गेली की आकडीतला जुना फास घसरत खाली येतो, येता येता जीभ उघडतो आणि तिच्या खाली जाऊन बसतो. उघड्या आकडीत नवा धागा पडतो. सुई खाली येऊ लागली की तोच जुना फास जिभेला खालून ढकलून आकडी बंद करतो आणि तिच्यावरून निसटून जातो. नवा धागा जुन्या फासातून ओढला गेला, एक टाका झाला. आकडी उघडायला आणि मिटायला वेगळा भाग लागत नाही, ते काम कापड स्वतःच करतं. लेस्टरच्या मॅथ्यू टाऊनसेंड यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीला या सुईला व्यवहारात आणलं. यंत्रयुगातल्या सुंदर कल्पनांची यादी करायची तर मी ही सुई बरीच वर ठेवेन.

आता पायरीकडे येऊ. ७२ वा टाका पडला, एक फेरी पूर्ण झाली. धागा पुढे कुठे जातो? पहिल्या सुईकडे. पण तिच्यावर याच फेरीचा पहिला टाका आधीच बसलेला आहे. नवा टाका त्याच्यावर चढतो. म्हणजे फेरी मिटलेली नाही, ती एक ओळ वर सरकून पुढे चालू आहे. मोजा एकावर एक रचलेल्या कड्यांचा नसतोच. तो बोल्टच्या आट्यासारखा असतो: तळापासून टोकापर्यंत एकच अखंड चढण, आणि एका ओळीची उंची म्हणजे त्या आट्याचा पिच. हाताच्या यंत्रावर एका इंचात साधारण १० ते १२ ओळी बसतात, तेव्हा पिच झाला दोन-अडीच मिलिमीटर. मोज्याचा घेर २० सेंटिमीटर धरला तर चढण एका अंशाहूनही कमी. एकरंगी मोज्यात ती डोळ्यांना कळणारच नाही. रंग बदलला की मात्र जुन्या रंगाचं शेवटचं टोक आणि नव्या रंगाचं पहिलं टोक शेजारी शेजारी येतात आणि लपलेला पिच उघडा पडतो.

मालेगावच्या मागावर हा प्रश्न येत नाही. तिथे आडवा धागा काठापासून काठापर्यंत जातो, वळतो आणि परत येतो. रंग काठाशी बदलायचा, पट्टा सरळ. नळीला काठच नाही. विणकामाचं पहिलं यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमध्ये विल्यम ली यांनी केलं, तेही सपाट कापडच विणायचं. ते दुमडून मागून शिवलं की पायमोजा तयार. पट्टे जुळायचे, पण पोटरीवर शिवण यायची. १८१६ मध्ये मार्क ब्रुनेल यांनी गोल विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, पुढे लॅचची सुई आली, आणि १८७०च्या दशकात हेन्री ग्रिसवोल्ड यांच्या सुधारणांनंतर मोज्यांचं छोटं यंत्र घरच्या टेबलावर बसलं. शिवण गेली आणि तिच्या जागी पायरी आली. कारखान्यातल्या मोज्यांतही पायरी असते. तिथल्या सिलिंडरवर १४४, १६८ किंवा २०० सुया असतात, टाके इतके बारीक की पायरी सहसा नजरेतून सुटते. मोजा उलटा केलात तर रंग बदललेल्या रेषेवर कापलेल्या धाग्यांची टोकं दिसतील.

पायरी लपवण्याच्या युक्त्या आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे रंग टाचेच्या मधल्या रेषेवर बदलायचा. पायरी पायाच्या मागे आणि पुढे तळव्याखाली जाते. सुयांवर हाताने विणणाऱ्या बायका आणखी एक करतात. नव्या रंगाची पहिली फेरी झाली की दुसऱ्या फेरीचा पहिला टाका विणत नाहीत, तसाच पुढच्या सुईवर घेतात. तो एकच टाका ताणून दोन ओळींइतका उंच होतो आणि पायरी भरून निघाल्यासारखी दिसते. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो, कारण त्यात चढणीशी भांडण नाही: दोन धागे घ्यायचे आणि दोघांनाही न तोडता चढू द्यायचं. लाल धाग्याच्या मागोमाग पांढरा, त्याच्या मागोमाग पुन्हा लाल. दोन रंग, दोन चढणी, एकमेकींत बसलेल्या, आणि पायरी कुठेच नाही. टूलरूमच्या भाषेत हा डबल स्टार्ट थ्रेड, म्हणजे एकाच स्क्रूवर शेजारी शेजारी चढणारे दोन आटे.

टी-शर्टचं कापड विणणारी मोठी गोल यंत्रं हेच शेकड्याच्या हिशोबात करतात. ३० इंच व्यासाच्या यंत्राला ९०च्या आसपास धागे एकाच वेळी दिलेले असतात, म्हणजे एका वळशात ९० ओळी. सेंटिमीटरला १८ ते २० ओळी धरल्या तर एका वळशात कापड साडेचार-पाच सेंटिमीटर चढतं. हा तिरपेपणा डोळ्यांना दिसतो. पट्ट्यांचं कापड म्हणूनच सरळ करून घ्यावं लागतं, नाहीतर छातीवरचा पट्टा एका बगलेकडे कललेला दिसेल. धुतल्यावर टी-शर्टची बाजूची शिवण पोटावर येते त्यात याचाही हात असतो, पण मोठा दोष सुताच्या पिळाचा. पीळ सुटायला बघतो आणि प्रत्येक टाका थोडा वळवतो. दोन पदरी सुतात पीळ एकमेकांना तोलतात, तिथे हा त्रास कमी.

काही लोकर पट्ट्यांसाठीच रंगवलेली असते: लडीत ठरावीक लांबीचा लाल, मग तेवढाच पांढरा. रंग बदलायला थांबायची गरज नाही, विणत जा, पट्टे आपोआप पडतात. यामागचा हिशोब आपणही करू शकतो. सुई किती खाली ओढली जाते त्यावर टाक्यात किती धागा जाईल ते ठरतं. मोज्याच्या टाक्याला सुमारे ९ मिलिमीटर धरले तर ७२ टाक्यांच्या फेरीला ६५ सेंटिमीटर लागले. १० ओळींच्या पट्ट्याला साडेसहा मीटर. तीच लोकर ६० सुयांच्या सिलिंडरवर घेतली तर पट्टा १२ ओळींचा होईल. लडीवर पट्ट्याची रुंदी लिहिलेली असली तरी ती खरी एकाच घेराच्या मोज्यासाठी.

टाचेपाशी हा हिशोब कोलमडतो. सपाट कापड गुंडाळून नळी होते, पण टाच नळी नाही. ती दोन्ही दिशांनी वळलेली आहे, आणि न कापता, न चुण्या पडता सपाट कापड तिच्यावर बसत नाही. विणकामात हे साधतं. पुढच्या ३६ सुया वर उचलून बाजूला ठेवायच्या. मग हँडल गोल न फिरवता पुढे-मागे न्यायचं आणि दर खेपेला कडेची एक सुई उचलत जायचं, कामात १२ उरेपर्यंत. नंतर एकेक सुई परत खाली घ्यायची. मागच्या बाजूला जास्तीचं कापड तयार होतं आणि वाटीसारखा खोलगा मिळतो. जाण्यात २४ खेपा, येण्यात २४, खेपेला सरासरी २४ टाके: एकूण ११५२ टाके, म्हणजे जवळपास साडेदहा मीटर धागा. नळीच्या १६ फेऱ्यांना पुरेल एवढा! घोट्यापर्यंत शिस्तीत आलेले पट्टे टाचेत एकदम रुंद होतात, आणि टाच संपल्यावर पावलाच्या वर रंगांचा क्रम तुटलेला दिसतो, कारण मधल्या काळात दीड पट्ट्याहून अधिक लोकर मागे खर्च झालेली असते. क्रम राखायचा तर टाच वेगळ्या गुंडीने विणायची. पट्ट्यांच्या मोज्यांना वेगळ्या रंगाची टाच शोभते, आणि ती अशी गरजेचीही आहे.

टाचेत आणखी एक गंमत घडते. पुढे-मागे विणताना चढण थांबते. तिथे ओळींना काठ असतो, मागावरच्या कापडासारखा, म्हणून टाचेतल्या पट्ट्यांना पायरी नसते.

एवढा सगळा मोजा शेवटी ताणतो कसा, हाही प्रश्न उरतो. लोकरीचा धागा स्वतः फार लांबत नाही. ताणल्यावर लांबतो तो फास: गोल वळलेला धागा सरळ होऊ लागतो, शेजारच्या टाक्यातून थोडा धागा सरकून येतो, आणि सोडल्यावर वाकलेला धागा पुन्हा आपल्या वळणावर परततो. फ्रान्समधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये या वागण्याचं गणित मांडलं. धाग्याची लांबी बदलत नाही, त्याला वाकवायला ऊर्जा लागते आणि फास एकमेकांतून सुटत नाहीत, एवढ्या तीन गोष्टींवर ते उभं आहे. घोट्यापेक्षा टाचेचा घेर बराच मोठा असूनही मोजा तिच्यावरून जातो आणि घोट्याला पुन्हा बसतो, तो यामुळे.

जोडीतला दुसरा मोजा विणताना रंग जुळवायचा तर धागा लडीच्या त्याच रंगाच्या त्याच टोकापासून सुरू करावा लागतो. काकू त्यासाठी सुरुवातीचे काही मीटर काढून ठेवतात. मग दोन्ही मोजे तंतोतंत सारखे निघतात, आणि पावलं मात्र सारखी नसतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. हँडल एकाच दिशेने फिरल्यामुळे दोन्ही मोज्यांची चढण एकाच हाताची. डाव्या पायासाठी उलट चढणीचा मोजा हवा असेल तर तत्त्वतः हँडल उलटं फिरवून तो विणता येईल, कारण टाचेसाठी यंत्र दोन्ही दिशांनी विणतंच. त्याहून सोपा मार्ग म्हणजे विणून झालेला एक मोजा आतली बाजू बाहेर करायची. उजव्या आट्याचा मोजा डाव्या आट्याचा होतो.